न दुखणारी जखम: दादाच्या तोंडात दिसत होतं ते आम्हाला दिसलं नाही

अबोली
शनिवार, रात्री १०.१५

हा धागा काढू की नको, असं तीन आठवडे चाललं होतं. शेवटी दादालाच विचारलं. त्याला अजून नीट बोलता येत नाही. त्याने पाटीवर लिहून दिलं, "लिही. नाव घालू नको."

दादा ५२ वर्षांचा. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर हिशेब बघतो. पहाटे चारला घर सोडायचं, झोप येऊ नये म्हणून तंबाखू मळायची, असं पंचवीस वर्षं चाललं. बार कायम डाव्या गालात, खालच्या दाढेच्या बाहेरच्या खाचेत. सोडण्याचे प्रयत्न तीनदा झाले, त्यात सगळ्यात जास्त टिकला तो अधिक महिना. असो, आज लिहायचंय ते वेगळंच आहे.

दिवाळीला त्याने चिवड्याची वाटी बाजूला सारली. म्हणाला, तिखट झालाय. वहिनीचा चिवडा त्या वर्षी घरात कुणालाच तिखट लागला नव्हता. मग त्याने ठेचा बंद केला. आम्हाला वाटलं, पित्त वाढलं असेल, वय झालं. संक्रांतीला गुळपोळी दुधात बुडवून खाल्ली. भाकरी आमटीत कुस्करायला लागला. वडापाव तोंडाने तोडायचा सोडून हाताने तुकडे करून खायला लागला, आणि मी चक्क म्हटलं, "काय रे, साहेब झालास का?" आता कळतं, त्याचं तोंडच तेवढं उघडत नव्हतं.

जानेवारीत डावा कान ठणकायला लागला. कानाच्या डॉक्टरांकडे गेला, थेंब मिळाले. कानात काहीच नव्हतं. मग खालची दाढ हलायला लागली. जवळच्या दवाखान्यात ती काढली. दाढ काढल्यावरचा खड्डा आठ-दहा दिवसांत भरून यायला लागतो ना, हा तीन आठवडे तसाच. जेल लावलं, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. तोंडाला वास यायचा, वहिनी म्हणायची नीट चुळा भरा. आणि एवढं सगळं होताना त्याला जखम अशी दुखत नव्हती. तो म्हणायचा, "दुखत नाही तर कशाला उगीच?" आम्हीही तेच म्हणायचो.

मार्चमध्ये भाच्याने हट्टाने डेंटल कॉलेजात नेलं. तिथे एक शिकाऊ मुलगी होती, पंचविशीची असेल. तिने गाल आरशाने बाजूला धरला, हातमोज्याचं बोट आत घालून जखमेची कड दाबून पाहिली आणि बोलायची थांबली. उठून मॅडमना बोलावून आणलं. त्याच दिवशी तपासणीसाठी जखमेचा तुकडा काढला. आठवड्याने रिपोर्ट आला. गालाच्या-हिरडीच्या खाचेतला कॅन्सर, जबड्याच्या हाडापर्यंत गेलेला, मानेत एक गाठ.

ऑपरेशन झालं. डावीकडचा खालचा जबडा काढला, पायाचं हाड घेऊन तो परत बांधला, मानेतल्या गाठी काढल्या. मग शेक, म्हणजे रेडिएशन, तीस वेळा, सहा आठवडे. सर्जन म्हणाले, दिवाळीच्या सुमारास आला असता तर ऑपरेशन बरंच लहान झालं असतं, कदाचित शेकही लागला नसता. दिवाळी. चिवड्याची वाटी.

तुमच्या घरात कुणी असं जेवण बदललं असेल तर त्याचं तोंड उघडून बघा. मी हात जोडून सांगते.


पर्वतीपायथा
शनिवार, रात्री १०.५२

अबोली, वाचून सुन्न झालो. दादांना लवकर आराम पडो.


मोगरा
शनिवार, रात्री ११.२०

ताई, घाबरून विचारतेय. माझं तर दर महिन्या-दीड महिन्याला तोंड येतं. ओठाच्या आत, कधी जिभेच्या टोकाला. पाणीसुद्धा झोंबतं. मेडिकलवाला बी-कॉम्प्लेक्स देतो, पाच-सहा दिवसांत जातं. तंबाखू-सुपारी काहीच नाही. हे पण त्यातलंच का?


दंतवैद्य_वारजे
रविवार, सकाळी ७.४०

अबोली, तुम्ही जे क्रमाने लिहिलंत ते आमच्या विद्यार्थ्यांना वाचायला द्यावं असं आहे. तिखट झोंबणं, घास लहान होणं, कान ठणकणं, दाढ हलणं, खड्डा न भरणं. कानाचं सांगते. जीभ, जबडा आणि कान यांच्या नसा एकमेकींशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे मूळ दुखणं तोंडात आणि कळ कानात असं होतं. प्रौढ माणसाचा एकच कान दुखतोय आणि कानात काही सापडत नाही, तर घसा आणि तोंड बघायलाच हवं.

मोगरा, तुमचं वर्णन नेहमीच्या तोंड येण्याचं आहे. ते फोड गोल, छोटे, मध्ये पिवळट-पांढरे आणि भोवती लाल कडा असलेले. खूप दुखतात, जागा बदलतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप भरतात. ताण, झोप कमी होणं, बी-१२ किंवा लोह कमी असणं, पाळीच्या आधीचे दिवस, अशी कारणं असतात. इतक्या वेळा येतंय तर रक्त तपासून घ्या, पण त्या धास्तीने झोप उडवून घेऊ नका.

आम्हाला भीती वाटते ती याच्या उलट्या जखमेची. एकाच जागी राहते, दोन आठवडे उलटले तरी भरत नाही, सुरुवातीला दुखत नाही, कडा उचललेल्या, आणि बोटाने दाबलं तर बूड टणक लागतं. नेहमीचा फोड मऊ असतो. त्या मुलीने बोट घालून पाहिलं ते याचसाठी. डोळ्याला साधी वाटणारी जखम बोटाला कडक लागते.

दोन आठवड्यांचा नियम मात्र लक्षात ठेवा. टोचणारा दात घासून घेतला, कवळी बदलली, औषध लावलं आणि तरी दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर पुढचं जेल नको. तुकडा काढून तपासायचा.


रविवारपेठ
रविवार, सकाळी ९.०५

सगळं मान्य, पण माझे आजोबा ८८ वर्षांचे होऊन गेले. शेवटपर्यंत चंची कमरेला. तोंडात कधी फोड नाही. आमच्या पेठेत असे अजून चार म्हातारे दाखवतो. सगळ्यांनाच होतं असं नाही, त्यामुळे लोकांना इतकं घाबरवावं का?


दंतवैद्य_वारजे
रविवार, सकाळी ११.३०

सगळ्यांना होत नाही, बरोबर आहे. पण पेठेत जे चार म्हातारे दिसतात ते उरलेले आहेत. जे पन्नाशीत गेले ते पारावर बसलेले दिसत नाहीत. जगभरातल्या कॅन्सरचे आकडे मांडणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे १ लाख ४० हजारांहून जास्त नवे रुग्ण होते. आपल्या देशातल्या पुरुषांमध्ये हा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर आहे.

आणि घाबरवण्याबद्दल. हा असा कॅन्सर आहे की जो उघड्या डोळ्यांनी दिसतो. त्यासाठी सोनोग्राफी लागत नाही, दुर्बीण लागत नाही. तिरुअनंतपुरमला १९९६ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. शिकवून तयार केलेले आरोग्यसेवक घरोघर जायचे, उजेडात लोकांचं तोंड बघायचे आणि शंका आली तर पुढे पाठवायचे, बस्स. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. म्हणजे तुमच्या आजोबांचं तोंडही कुणीतरी वर्षातून एकदा बघायला हवं होतं. काही सापडलं नसतं तर उत्तमच.


रविवारपेठ
रविवार, सकाळी ११.४८

पटलं. वडील ६१ आहेत, त्यांचीही चंची आहे. बघतो.


कात्रजचा_घाट
रविवार, दुपारी १.१०

माझं वय २९. हिंजवडीत नोकरी. मी तंबाखूला आयुष्यात हात लावलेला नाही आणि माझ्या तोंडात माझी दोनच बोटं जातात.

इंजिनिअरिंगला असताना गोड सुपारीची पुडी सुरू झाली. रात्री जागून अभ्यास करताना चघळायला काहीतरी हवं म्हणून. आधी दोन, मग दिवसाला आठ-दहा. घरी कुणी काही म्हणालं नाही, कारण सुपारी! ती तर पूजेत गणपती म्हणून मांडतात, लग्न ठरलं की सुपारी फुटली म्हणतात, आजीच्या पानाच्या डब्यात अडकित्ता असतोच. सुपारीत वाईट काय असणार?

गेल्या वर्षी पावभाजी खाताना तोंडाची आग झाली. मग मिसळ बंद, मग पाणीपुरी बंद, कारण अख्खी पुरी तोंडात जाईना. शिट्टी वाजवता येईना. गाल आतून चामड्यासारखे, पांढरट, दोऱ्या ताणल्यासारखे लागायचे. दातांच्या डॉक्टरांकडे अक्कलदाढ दाखवायला गेलो होतो, ते म्हणाले दाढेचं नंतर बघू, आधी हे काय झालंय ते सांगतो. सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीतल्या अर्कामुळे गालाच्या आतलं अस्तर घट्ट होत जातं. त्यातल्या काही जणांना पुढे कॅन्सर होतो, म्हणून दर तीन महिन्यांनी दाखवायला जातो.

सुपारी त्याच दिवशी सोडली. आग खूप कमी झाली. तोंड मात्र पहिल्यासारखं उघडलेलं नाही, आणि डॉक्टरांनी तेही सांगितलंच होतं की झालेलं घट्टपण पूर्ण जात नाही, पुढे वाढणं थांबतं. रोज आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरून व्यायाम करतो. आता अडीच बोटं म्हणता येईल.

तुम्ही आत्ताच करून बघा. अंगठ्याशेजारचं, मधलं आणि करंगळीशेजारचं, अशी तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. गेली पाहिजेत.


मोगरा
रविवार, दुपारी १.२५

गेली. नवऱ्याचीही गेली.


पर्वतीपायथा
रविवार, दुपारी १.३१

माझी जेमतेम. मी जेवणानंतर भाजकी सुपारी खातो, पण फक्त दोन वेळा. तंबाखूविना सुपारीने खरंच एवढं होतं?


दंतवैद्य_वारजे
रविवार, दुपारी ३.००

होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसती सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर करणारी म्हणून पहिल्या गटात घातली, तंबाखूच्याच गटात. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी आली, पण टपरीवर पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी घेऊन हातावर एकत्र करणारे रोज दिसतात. आणि गोड सुपारी तर शाळेसमोरही मिळते. जेमतेम जातात म्हणताय तर एकदा दाखवून घ्या, पर्वतीपायथा. सुपारी आजपासून बंद करा.


सिंहगडरोड
रविवार, रात्री ९.२०

अबोलीताई, मी फारसं लिहीत नाही इथे, वाचते फक्त. पण सासूबाईंचं सांगायलाच हवं.

सासूबाई साताऱ्याकडच्या, ६६ वर्षांच्या. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी तपासणीत प्रत्येक डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू? त्या म्हणाल्या, "छे, तसलं काही नाही." खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी तंबाखू पुरुष खातात. त्या सकाळी, दुपारच्या जेवणानंतर, चार वाजता आणि झोपताना मशेरी लावतात. तव्यावर स्वतः भाजतात, तो वास बिल्डिंगभर जातो. मशेरी म्हणजे दात घासणं, अशीच त्यांची समजूत. गावाकडे माझ्या आईचीही तीच.

नातीने एकदा त्यांच्या तोंडात बॅटरी मारून बघितलं, खेळताना. ती म्हणाली, "आजी, तुझ्या हिरडीला चुना लागलाय." खालच्या ओठाच्या आत, पुढच्या हिरडीवर पांढरा पट्टा होता. पुसला, निघाला नाही. ब्रशने घासला, निघाला नाही. तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या. तो भाग काढून टाकला. मशेरी सुटायला चार महिने लागले, त्यात दोनदा चोरून लावली. आता दर काही महिन्यांनी दाखवतो.

म्हणून म्हणते, घरातल्या बायकांना तंबाखू खाता का असं विचारू नका. दात कशाने घासता, असं विचारा.


दंतवैद्य_वारजे
रविवार, रात्री १०.०५

सिंहगडरोड, तुमचं शेवटचं वाक्य मी उद्या ओपीडीत सगळ्यांना सांगणार आहे.

पांढऱ्या चट्ट्याबद्दल थोडं. दह्याच्या सायीसारखा थर असेल आणि पुसून निघत असेल तर तो बहुतेकदा बुरशीचा, मधुमेहात किंवा दम्याचा पंप घेणाऱ्यांत दिसतो. पुसून न निघणारा चट्टा तपासावा लागतो. आणि लोक पांढऱ्याला घाबरतात, पण लाल चट्टा त्याहून जास्त धोक्याचा. मखमलीसारखा, भडक, बाकी अस्तरापेक्षा वेगळा लाल. लाल आणि पांढरं मिसळलेलं असेल तर अजिबात थांबू नये.

घरी बघताना कवळी काढून ठेवा, खिडकीशी उभे राहा किंवा मोबाइलचा उजेड घ्या. ओठ उलटून हिरडीची खाच बघा, दोन्ही गाल बोटाने बाहेर ओढून शेवटच्या दाढेपर्यंत बघा. जीभ फडक्याने धरून बाहेर काढा आणि दोन्ही कडा बघा, मग जीभ टाळूला लावून खालचा भाग. जिभेची कड आणि जिभेखालची जागा या दोन ठिकाणी लोक कधीच बघत नाहीत. शेवटी मान दोन्ही बाजूंनी चाचपा. दिवाळीच्या साफसफाईला माळा काढतो तितका वेळ लागत नाही, पाच मिनिटं पुरतात. पण घरी काही दिसलं नाही म्हणून त्रास असूनही दवाखाना टाळू नका.


पानशेत
सोमवार, सकाळी ८.१५

वर सगळे व्यसनाबद्दल बोलताहेत म्हणून लिहितेय. मला ३६ व्या वर्षी जिभेच्या कडेला झाला. तंबाखू, सुपारी, दारू, काही नाही. एक दात तुटलेला होता, तो घासायचा, म्हणून सगळे म्हणाले दातामुळे. दात गुळगुळीत करून घेतला, जखम राहिलीच. माझ्या डॉक्टरांनी पंधराव्या दिवशी तुकडा काढला, सोळाव्या नाही. ऑपरेशन लहान झालं, शेक नाही लागला. 'र' म्हणताना थोडी अडखळते. मुलीला रात्री गोष्ट सांगते, तिला काही फरक कळत नाही.

सवय नाही म्हणून मला होणार नाही, असं समजून अजिबात थांबू नका.


कात्रजचा_घाट
सोमवार, सकाळी ८.४०

पानशेत 🙏


रविवारपेठ
सोमवार, दुपारी २.१०

काल रात्री वडिलांचं तोंड बघितलं. आधी चिडले. उजव्या गालात आत, मागे, एक लालसर-पांढरा डाग आहे, रुपयाएवढा. बोट लावलं तर खरखरीत लागतो. विचारलं कधीपासून, तर म्हणतात आहे बरेच दिवस, दुखत नाही.

आई म्हणते तुकडा काढू नका, सुरी लागली की पसरतं, तिच्या मामांचं तसंच झालं होतं. काय सांगू तिला?


अबोली
सोमवार, दुपारी २.३५

आमच्याकडेही हेच झालं होतं, वहिनीची आई म्हणाली होती. तुकडा काढल्याने पसरत नाही. आईच्या मामांचा आजार तुकडा काढला तेव्हाच पुढे गेलेला असणार, त्या काळी लोक अगदी शेवटी जायचे. आईंना बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर हाच प्रश्न विचारायला लावा. वहिनीचं समाधान तसंच झालं. दाढ काढताना देतात तसं इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, लहानसा तुकडा घेतात, एखादा टाका. दादा त्या दिवशी दुपारी गाळ्यावर गेला होता.


रविवारपेठ
सोमवार, दुपारी २.५०

आणि जायचं कुठे? खर्चाचं पण सांगा, वडील रिटायर्ड आहेत, विमा नाही.


दंतवैद्य_वारजे
सोमवार, दुपारी ४.२०

कुठल्याही डेंटल कॉलेजच्या ओरल मेडिसिन विभागात जा. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, वडगावला सिंहगड, पिंपरीला डी. वाय. पाटील. खाजगीपेक्षा तिथे खर्च बराच कमी येतो, आणि असे चट्टे ते रोज बघतात. ससूनही आहे. पुढे उपचार लागलेच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, शेक, केमो बसतं. त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार हाताशी ठेवा, आणि योजनेत असलेल्या रुग्णालयात गेलात की तिथे आरोग्यमित्र बसतो, त्याच्याशी आधी बोला. दाखल झाल्यावर नव्हे, आधी.

लाल-पांढरा मिसळलेला म्हणताय, म्हणून आठवडा घालवू नका. आणि तंबाखू आजच थांबवा. सोडायला मदत हवी तर सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. समुपदेशक बोलतात.


रविवारपेठ
सोमवार, रात्री ८.३०

उद्या सकाळी धनकवडीला नेतोय. आई येतेय. वडिलांनी चंची माझ्या हातात दिली, काही बोलले नाहीत.


अबोली
सोमवार, रात्री ८.४४

उपाशी नेऊ नका, नाश्ता करूनच न्या. शुगर-बीपीच्या गोळ्या नेहमीप्रमाणे द्या. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना आठवणीने सांगा. जुन्या चिठ्ठ्या सगळ्या पिशवीत घ्या. केसपेपरच्या रांगेत वेळ जातो, बाबांना बाकावर बसवून तुम्ही उभे राहा.

माझं घर बिबवेवाडीला, तिथून जवळच आहे. दादाला दुपारी दोनला फिजिओला न्यायचंय, तोवर मी मोकळी आहे. तुमच्या आईंशी बोलायला कुणी हवं असेल तर निरोप टाका, मी येते.